सपाट कबर

खदीजाला प्रश्न विचारायची खोड होती आणि तिच्या नवऱ्याला, महमूदला, उत्तरं न द्यायची. अशा दोघांचा संसार एवढी वर्षं टिकला, पोरीचं लग्न होऊन ती पनवेलला नांदायला गेली, याचं महमूद श्रेय द्यायचा ते त्याच्या कारखान्याला. तो म्हणायचा, दिवसभर लूमच्या खडखडाटात उभा राहतो, घरी आल्यावर कान लागत नाहीत. खदीजाचं मत वेगळं होतं. तिच्या मते त्याला जे नको असेल तेवढंच ऐकू यायचं नाही, बाकी शेजारच्या घरात कप फुटला तरी तो कोणता फुटला ते सांगायचा.

तिच्या सगळ्या प्रश्नांत सगळ्यात जुना प्रश्न एकच. आत काय आहे?

आत म्हणजे लढाईच्या माळावर. भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागायचं, शेलार मागे टाकायचं, अंबाडी ओलांडली की डाव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटतो, तो या माळावर जाऊन संपतो. इथे कधीतरी मोठी लढाई झाली म्हणतात. कोणाची कोणाशी, ते ज्याला विचाराल तो वेगळं सांगेल. कोणी फिरंग्यांचं नाव घेतं, कोणी कुठल्या सुलतानाचं, आणि कोणी दोघांना एकाच दमात आणून उभं करतं. डोळ्यांना दिसतं ते एवढंच, की माळाच्या मधोमध कमरेइतका उंच एक वीरगळ उभा आहे, त्यावर ढाल-तलवार घेतलेला गडी कोरलाय, आणि तिथून हाकेच्या अंतरावर चिंचेखाली, पुरुषभर उंचीच्या दगडी कुसवाच्या आत, एक कबर आहे.

वीरगळ केसरीनाथ पाटलाच्या घराण्याचा आणि कबर महमूदच्या खानदानाची. वीराला पौषात तेल-शेंदूर केसरीनाथच्या घरचा, शहीदबाबांच्या कबरीवर पहिली चादर महमूदच्या घरची. दोघांचे बाप दोस्त, म्हणून हे दोघेही दोस्त, आणि म्हणून भात झोडून झालं, चांगली थंडी पडली, की दोन्ही घरं एक दिवस मिळून माळावर जायची. सकाळी पूजा नि फातिहा, दुपारी झाडाखाली जेवण, दिवस कलायच्या आत परत.

फक्त बायकांनी कुसवाच्या आत पाऊल ठेवायचं नाही. शहीदबाबा जलाली, म्हणजे फार कडक आहेत, त्यांना बाईची सावली चालत नाही, हे महमूदच्या आजोबांपासून चालत आलेलं. आजोबांना कोणी सांगितलं, असं खदीजानं लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात विचारलं होतं. सासूनं डोळे वटारले. मग तिनं नवऱ्याला हळूच विचारलं, "आत काय आहे?"

"काही नाही. कबर आहे."

"पण कशी आहे?"

"कबरीसारखी."

इथे संवाद संपला तो संपलाच. दर वर्षी ती विचारायची, दर वर्षी हेच उत्तर. पुढे जमिला लहान असताना तिला टायफॉइड झाला, ताप उतरेना, तेव्हा खदीजानं शहीदबाबांना नवस बोलला: पोर उठू दे, मी स्वतः येऊन तुमच्या पायाशी माथा टेकीन. पोर उठली. नवस फेडायला मात्र महमूदच आत गेला आणि बायकोच्या वतीनं माथा टेकून आला. येताना म्हणाला, "झालं तुझं काम." खदीजाच्या मनाचं समाधान झालं नाही. बोलले मी आणि टेकला यांनी, हा कसला नवस? जमिलाला आता स्वतःची मुलं झाली होती, तरी आईला दर हिवाळ्यात ते आठवायचं आणि ती कुसवाबाहेर उभी राहून कोणाचं तरी देणं थकवल्यासारखी अवघडून जायची.

यंदा तर सगळंच संपायचं होतं. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात दंगलीत भिवंडी पेटली तेव्हा महमूदनं मनात धरलं होतं, की कारखाना वाचला तर शहीदबाबांची कबर पक्की बांधीन. कारखाना वाचला. पैसा हातात यायला वेळ लागला, पण आता, एकोणनव्वदच्या जानेवारीत, पांढऱ्या टाइल माळावर जाऊन पडल्या होत्या आणि धामणकर नाक्याजवळच्या कारागिराकडून संगमरवराची फरशी कोरून आली होती. जुना दगड टाइलखाली कायमचा झाकला जाणार. खदीजानं जन्मभर ज्याचा ध्यास घेतला तो दगड बघायचा दिवस हा शेवटचा, आणि तो बघणार होते फक्त पुरुष.

केसरीनाथची जीप सकाळी नाक्यावर आली. पुढे केसरीनाथ आणि महमूद, मागे खदीजा, केसरीनाथची बायको राहीबाई, भाकऱ्यांचं टोपलं, कोंबडीच्या सालनाचा डबा, आणि पोत्यात गुंडाळलेली ती फरशी. थंडी अशी होती की राहीबाईनं डोक्यावरून टॉवेल घेऊन त्याची गाठ हनुवटीखाली मारली होती आणि त्यातून तिचं फक्त नाक बाहेर होतं.

शेलार येईपर्यंत खदीजानं दम धरला. मग पोत्याचं तोंड उघडून वाचलं. वर उर्दूत, खाली हिंदीत. हजरत शहीदबाबा, सरदार, मैदान-ए-जंग में शहीद हुए. आणि सगळ्यात खाली, जरा मोठ्या अक्षरात: औरतों का अंदर आना सख़्त मना है.

 आजवर हे तोंडातोंडी होतं. तोंडी गोष्टीशी वाद घालता येतो, रुसता येतं, कधीतरी बदलेल असं वाटत राहतं. दगडात कोरलेल्याशी काय बोलणार?

"हे 'सख़्त' कोणी घालायला सांगितलं?" तिनं विचारलं.

महमूदला ऐकू आलं नाही.

"काय ल्हिवलाय?" राहीबाईनं टॉवेलातून विचारलं. तिला अक्षरओळख नव्हती. खदीजानं सांगितलं. राहीबाईनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "आमच्या वीराचा बरा हाय," ती म्हणाली. "तो बायांना बी येव देतो नि गुरांना बी."

पुढे दोघे पुरुष सूत, भात आणि डिझेल यांवर बोलत होते. खदीजाचं लक्ष त्या बोलण्यात नव्हतं, जे बोलणं होत नव्हतं त्यात होतं. पूर्वी अंबाडी आली की चेष्टा सुरू व्हायची. केसरीनाथ म्हणायचा, "आमच्या वीरानं तुमच्या बाबाला आडवा केला, म्हनून तर तुमचा आडवा नि आमचा उबा!" त्यावर महमूद, "आमचा ड्युटी संपवून आरामात झोपलाय. तुमच्याची शिफ्ट अजून सुटली नाही." दर वर्षी तेच, आणि दर वर्षी दोघे पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. चौऱ्याऐंशीनंतर ते बंद झालं. भांडण नाही, अबोला नाही, ईदला आणि दिवाळीला ताटं इकडून तिकडे गेली. पण कोणी कोणाला आडवं केलं ही गोष्ट आता हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. अंबाडी आली, गेली. दोघेही रस्त्याकडे बघत राहिले. खदीजाला त्या गप्प बसण्याचं फार वाईट वाटलं.

माळावर धुकं अजून उठलं नव्हतं. कापलेल्या भाताचे सड पायाला टोचत होते. इद्रीस मिस्त्री आधीच येऊन बसला होता, रेती चाळून तयार, बिडी पेटवलेली. दोन्ही बायका प्रथेप्रमाणे वीरगळाकडे गेल्या आणि पुरुष कुसवाकडे.

राहीबाईनं वीरावर तेल ओतलं आणि शेंदूर चोपडायला घेतला. खदीजा समोर उकिडवी बसून न्याहाळत राहिली. दगडाचे तीन भाग. खाली एक माणूस पडलेला. मधल्या भागात तोच माणूस तलवार उगारून उभा, आणि त्याच्यासमोर आणखी कोणीतरी. वर तोच देवापुढे हात जोडून बसलेला.

"मेला आधी आणि लढला नंतर?" खदीजानं विचारलं.

"खालशी वरती वाचायचा, भाभी. मेला, कसा मेला, मंग देवाकडं गेला."

"आणि हा समोरचा कोण?"

"त्यो तुमचा बाबा, आनखी कोन?" राहीबाई सहज बोलून गेली आणि मग तिनंच जीभ चावली. खदीजा पुढे वाकली. समोरच्याचा चेहरा शेंदराच्या पुटांखाली केव्हाच बुजला होता. हात होता, हातात काहीतरी होतं. बाकी काही कळत नव्हतं. तिनं विचारलं, "हा शेंदूर कधी काढला नाही का कोणी?" राहीबाईनं तिच्याकडे असं बघितलं की तिनं पुढचा प्रश्न गिळला.

तिकडे कुसवाच्या आत चादरी काढायचं काम चाललं होतं. महमूदच्या घरात चादर चढवायची रीत होती, उतरवायची नव्हती. नवी जुन्यावर, जुनी तिच्याहून जुन्यावर, अशी ती कबर वर्षानुवर्षं फुगत गेली होती. आतला दगड महमूदनं तरी कुठे बघितला होता! तो आणि मिस्त्री एकेक चादर अदबीनं उचलून घडी घालत होते. हिरव्या, मग विटक्या, मग नुसत्या भुसभुशीत, हातात घेताच तुटणाऱ्या. खदीजा चिंचेखाली येऊन उभी राहिली. भिंतीपलीकडून आवाज तेवढे येत होते.

"सँभाल के," महमूद म्हणत होता.

मग बराच वेळ झाडूचा आवाज. मग मिस्त्रीचा खूश झालेला स्वर: "वाह सेठ! ऊपर से एकदम सपाट है. कुछ तोड़ना नहीं पड़ेगा. टाइल ऐसी बैठेगी कि देखते रह जाओगे."

खदीजानं मान वर केली.

"सपाट?" ती भिंतीला म्हणाली. मग मोठ्यानं, "ऐकलंत का? सपाट म्हणजे कशी सपाट?"

"सपाट म्हणजे सपाट," आतून महमूद.

"मधे उंचवटा नाही? लांबट? कलमदानासारखा?"

आत झाडू पुन्हा सुरू झाला.

खदीजाचं माहेर दाभोळचं. घराच्या मागच्या पडवीतून जुनं कब्रस्तान दिसायचं, आणि तिची नानी तिला घेऊन तिथे वाळलेला पालापाचोळा झाडायला जायची. नातीला प्रश्नांची खोड लागली ती तिथेच. ही कोणाची? ती कोणाची? नावं कुठेच नव्हती, तरी नानी दुरूनच सांगायची, हा मर्द, ही बाई, हा मर्द. कशावरून? तर ऐपतदार घरातल्या जुन्या दगडी कबरींवर मर्दाच्या कबरीला मधोमध कलमदान असतं, लांबट उंचवटा, आणि बाईच्या कबरीला तख्ती, म्हणजे सपाट पाटी. मर्द म्हणजे कलम, बाई म्हणजे पाटी. तो लिहिणार आणि तिच्यावर लिहिलं जाणार. हे कोणीतरी पुरुषानंच ठरवलेलं असणार, हे लहानग्या खदीजालाही तेव्हाच कळलं होतं. पण खूण पक्की होती. नानी कधी चुकली नव्हती.

"हात फिरवून बघा," ती भिंतीजवळ जाऊन म्हणाली.  "कडेला किनार लागते का? पाटीच्या चौकटीसारखी?"

"खदीजा, काम करू दे."

"नुसता हात तर फिरवा."

महमूद करवादला, पण त्यानं हात फिरवला असावा, कारण त्यानंतर तो गप्प झाला. आणि महमूद चिडून गप्प झाला तर कसा होतो आणि विचारात पडून गप्प झाला तर कसा, यातला फरक भिंतीआडूनही ओळखण्याइतका त्यांचा संसार जुना होता.

"आहे ना किनार?"

"आहे. चारी बाजूंनी. बोटभर."

"बाईची कबर आहे ती," खदीजा म्हणाली.

एव्हाना कुसवाबाहेर टाइल मोजणारा केसरीनाथ आणि राहीबाई तिच्यामागे येऊन उभे राहिले होते. इद्रीस मिस्त्रीनं कुसवाच्या दारातून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघून परत आत घेतलं. महमूद दारापाशी आला. दाढीला धूळ, हातात झाडू. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"काय बोलतेस तू? ही शहीदबाबांची कबर आहे. सरदार होते ते. माझे आजोबा, त्यांचे वालिद, सगळे इथे चादर चढवत आले. आणि तू आज बाहेर उभी राहून सांगतेस बाईची आहे?"

"बाहेर उभी मी माझ्या हौसेनं नाही राहिले."

"कलमदान घासून गेलं असेल."

"आणि किनार तेवढी उरली?"

"तुझ्या दाभोळची रीत असेल ती. इथे वेगळी असेल."

"तुमच्या अम्मीची कबर जाऊन बघा. तुमच्याच अब्बांनी बांधली ना? वर काय आहे?"

 आईची कबर सपाट होती. बापाची नव्हती. दर शुक्रवारी दोन्हींसमोर उभा राहून त्यानं फातिहा वाचला होता, पण हे असं का, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. प्रश्न पाडून घ्यायचं खातं घरात बायकोकडे होतं.

"मिस्त्री," तो आत वळून म्हणाला, "माल कालव. टाइल बसव."

घमेल्यावर फावडं खरखरलं.  आता तासाभरात पांढऱ्या टाइल बसतील, वर संगमरवर लागेल, आणि ही बाई जगाच्या अंतापर्यंत सरदार होऊन पडून राहील, तिच्या दारात बायांना मनाई. आणि माझा नवस? तिला रडू आलं. पण रडून महमूदचं मन वळत नाही, हे तिला ठाऊक होतं. त्याचं मन वळायचं ते एकाच गोष्टीनं. त्याच्या स्वतःच्या नियमानं.

कारण महमूद नियमाचा माणूस होता. दूधवाल्यानं दाराबाहेरून आवाज दिल्याशिवाय आत यायचं नाही, दुसऱ्याच्या घरात बाई एकटी असेल तर उंबऱ्याबाहेरूनच बोलायचं, इथपासून ते कारखान्यात माल तपासण्यापर्यंत. कापडाचा तागा टेबलावर ओढला जात असताना नुसता भास झाला की कुठे डाग आहे, तरी तो तागा गाठोड्यात जात नसे. व्यापारी खाली ट्रक लावून हॉर्न देत असला तरी नाही. खोटा माल दिला, असं भिवंडीत कोणी त्याला म्हणू शकत नव्हतं, आणि या गोष्टीचा खदीजाला त्याच्याइतकाच अभिमान होता.

"एक सांगा," ती शांतपणे म्हणाली. "मी म्हणते ते खरंच आहे असं नाही म्हणत मी. तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण तुमच्या मनात शंका आली की नाही?"

महमूदनं दाढीवरची धूळ झटकली.

"खोटं नका बोलू. शहीदांच्या दारात उभे आहात."

"आली," तो म्हणाला.

"मग शंका आली की काय करायचं?"

उत्तर त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. कारखान्यात रोज चारदा ओरडून सांगायचं वाक्य ते. "तागा बाजूला."

म्हणाला, आणि स्वतःच ऐकलं. फावड्याचा आवाज थांबला होता. महमूदनं मागे वळून कबरीकडे बघितलं आणि खदीजाला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं की आता त्याला खरोखर काय सुचलंय. इतकी वर्षं त्यानं तिथे बसून, हात फिरवून, माथा टेकून, कोण्या परक्या बाईच्या... त्याचा रंग उतरला. त्यानं झाडू भिंतीला लावून ठेवला. "माफ करा," तो खालच्या आवाजात म्हणाला, आणि ते तिथे उभ्या असलेल्या कोणाला उद्देशून नव्हतं. मग कबरीकडे पाठ न करता, मान खाली घालून, उलट्या पावलांनी तो कुसवाच्या बाहेर आला. मिस्त्रीलाही त्यानं खुणेनं बाहेर बोलावलं.

त्याची खदीजाला एकदम दया आली. जिंकल्याचा आनंद तिला झालाच नाही. सरदाराच्या घरातला माणूस म्हणून तो ताठ चालत आला होता आणि आता चिंचेच्या मुळावर, बसायला जागा शोधत असल्यासारखा, टेकला होता.

"म्हणजे आम्ही काय, बाईचे वंशज?" तो स्वतःशीच म्हणाला.

"मंग काय चिचंला लागला व्हता?" राहीबाई म्हणाली. "सगली बाईचीच अस्तात, भाऊ."

इद्रीस मिस्त्री आधी फिसकन हसला आणि मग खोकल्याचं निमित्त करून दूर गेला. केसरीनाथ मात्र हसला नव्हता. तो मघापासून वळून वळून आपल्या वीरगळाकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावर आठ्या चढत चालल्या होत्या.

"अरे पन महमूद," तो शेवटी म्हणाला, "मंग मधल्या खनात आमच्या वीराच्या समोर उबा हाय तो कोन?"

"मला काय माहीत?"

"खाली आमचा वीर आडवा पडलाय. समोरच्यानं पाडला म्हनून पडला ना? नि समोरचा जर..." त्यानं कुसवाकडे बोट केलं आणि बोट हवेतच राहिलं. "म्हंजे आमच्या वीराला बाईनं मारला?"

 महमूदनं मान वर केली. कितीतरी वर्षांनी खदीजाला त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक दिसली.

"एवढी वर्षं तूच सांगत होतास ना," तो म्हणाला, "की तुमचा उभा आणि आमचा आडवा?"

"व्हय, सांगत व्हतो."

"भीतीनं उभा आहे, केसरी. आमची उठेल म्हणून."

केसरीनाथ आधी त्याच्याकडे बघत राहिला, मग असा हसला की चिंचेवरचे कावळे उडाले. "तुज्या तर!" तो म्हणाला आणि त्यानं महमूदच्या पाठीत एक गुद्दा हाणला. राहीबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "यांच्या घरान्याला मारायला बाईच लागते, ह्या मना लगीन झाल्यापासना म्हाइत हाय." दोघे पुरुष हसता हसता चिंचेच्या मुळावर शेजारी शेजारी बसले. खदीजानं पदरानं डोळे पुसले. हसण्यानं आलं होतं की कशानं, तिचं तिलाही कळलं नाही.

ती बाई खरंच लढली होती का? की पाणी घेऊन आली होती, की कोणाला शोधत? तिचं नाव काय, आणि या माळावर एवढा घडीव दगड आणून, किनार कोरून, तिला कोणी निजवलं? आणि तिच्या दारात बायांना मनाई कोणी केली? खदीजाच्या डोक्यात प्रश्नांची रांग लागली आणि यातल्या एकाचंही उत्तर इथे कोणाकडे नव्हतं.

"तो काम क्या करूँ, सेठ?" मिस्त्रीनं लांबूनच विचारलं. "माल सूख जाएगा."

"टाइल नको. दगड उघडाच राहू दे."

"मंग आमच्या वीराचा चौथरा फुटलाय तो सांधून टाक," केसरीनाथ म्हणाला. "त्याला आता टेका लागंल." यावर दोघे पुन्हा हसले. मिस्त्री घमेलं उचलून निघाला आणि केसरीनाथनं ती फरशी पोत्यासकट परत जीपमध्ये नेऊन ठेवली.

खदीजा कुसवाच्या दाराशी गेली आणि थांबली. सवय अशी असते की पाऊल उचलेना. तिनं मागे नवऱ्याकडे बघितलं.

"जा ना," महमूद म्हणाला. "आता तुमचंच घर आहे ते. आम्हाला मनाई."

"भाभी, मी बी येव का?" राहीबाईनं विचारलं.

"तुम्ही बाईच ना? मग चला."

दोघींनी चपला दारात काढल्या. आत कुसवाला लागून वाळलेलं गवत होतं, घडी घातलेल्या चादरींचा ढीग होता, आणि मधोमध ती होती. खदीजाच्या मनात ती एवढी वर्षं फार मोठी होती. प्रत्यक्षात मध्यम चणीच्या बाईला पुरेल एवढीच निघाली. काळा दगड, चादरींखाली राहून ओलसर, थंडगार. खदीजा पायथ्याशी बसली. राहीबाईनं, आपली रीत काय असावी ते न सुचून, टॉवेलाच्या टोकानं दगडावरची धूळ पुसायला घेतली.

खदीजानं माथा टेकला. "जमिला बरी झाली," ती पुटपुटली. "केव्हाच झाली. आता तिला पोरं आहेत. यायला उशीर झाला, बाई, पण दारातून परत पाठवत होते." एवढं बोलली आणि तिला इतकं हलकं वाटलं की ती तशीच टेकून राहिली.

बाहेर पावलं वाजली. भिंतीशी येऊन थांबली. कोणीतरी घसा खाकरला.

"खदीजा," भिंतीपलीकडून महमूदचा आवाज आला. इतक्या जवळ, इतका हळू. "आत काय आहे?"

ती उठून बसली. राहीबाईनं तिच्याकडे बघितलं आणि तोंडाला टॉवेल लावला.

"काही नाही," खदीजा म्हणाली. "कबर आहे."

 वीरगळाकडून मिस्त्रीची थापी वाजत होती. मग पुन्हा, आणखी हळू:

"पण कशी आहे?"

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. एवढी वर्षं ऐकून पाठ झालेला तो एकच शब्द. द्यावा असं तिला मनापासून वाटलंही. पण भिंतीला कान लावून उभा असलेला महमूद तिला दिसल्यासारखा झाला. ती स्वतः तशीच उभी राहत आली होती, आणि तसं उभं राहणं काय असतं ते तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"थांबा," ती म्हणाली, "सांगते." तिनं तळहात दगडावर ठेवला आणि किनारीच्या कोपऱ्यापासून त्याला सांगायला सुरुवात केली.